सेल्फ, डायनामो आणि तो डबा

अण्णा, मी गाडी घेतली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता सांगायची घाई नाही, पण परवा जळकोटजवळ जे झालं ते ऐकवावं असं दुसरं माणूस माझ्याकडं नाही. रविवार होता. धाराशिवहून मुरुमला निघाले होते, काम काहीच नव्हतं. रस्त्याचं काम चालू असल्यानं वाहनं अडवली होती. गियर न्यूट्रलला टाकून क्लच सोडला आणि इंजिन आपोआप बंद झालं. ही या गाडीची रीतच आहे, तरी हात किल्लीकडं गेला. दिवे चालू, पंखा चालू, इंजिन तेवढं गप्प. वाहनं हलली तसा क्लच दाबला, तर इंजिन उठवणाऱ्या सेल्फची घरघर न होताच ते पुन्हा सुरू झालं. आणि मला आपलं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आठवलं.

मी सातवीत आहे. शाळेतून येऊन पायरीवर बसलेय. तुम्ही एका जीपचा डायनामो उघडलाय, दोन गिऱ्हाइकं तुमच्याशी कानडीत बोलतायत. मी मधेच विचारते, "अण्णा, इंजिन डायनामोला फिरवतं तवा करंट तयार होतो. मग डायनामोलाच करंट दिला तर तो इंजिनाला फिरवंल का? सेल्फ कशाला पायजे?"

"येड्यावानी बोलू नगं. घरी जा," तुम्ही वर न बघता म्हणालात. गिऱ्हाइकं हसली. मी दप्तर उचलून घरी गेले.

संध्याकाळी तुम्ही एक जुना डायनामो पिशवीत घालून घरी आणलात. आई भाकरी थापत होती. तिच्या परातीपासून हातभर अंतरावर तुम्ही बॅटरी ठेवली, दोन वायरी जोडल्या, आणि तो गरगर फिरायला लागला. "पिठात काळं उडंल, उचला ते," आई म्हणाली. तुम्ही फडक्यानं त्याची पुली धरली. तो थांबला. "बघ, फिरतोय. तुझं खरं हाय. पर ताकद न्हाय. फडक्यानं थांबतोय, इंजिनाला काय ढकलंल?" येडी म्हटलेलं तुम्ही मागं घेतलं नाहीत. पण त्या दिवशी पहिली भाकरी माझ्या ताटात तुम्ही वाढलीत.

ती ताकद आता आलीय, अण्णा. इंजिनाच्या बेल्टवर बसलेलं एकच यंत्र दोन्ही कामं करतं. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की चाकांच्या जोरावर करंट तयार करतं. तो एका लहान लिथियम बॅटरीत साठतो. चढ लागला की तोच करंट घेऊन इंजिनाला थोडा हात देतं. नुसत्या करंटवर गाडी मात्र चालत नाही, तेवढा दम त्याच्यात नाही. बॉनेटखाली तुमची ॲसिडची बॅटरी अजून आहे, आणि सकाळी गार इंजिन उठवायला जुना सेल्फच लागतो. म्हणजे तुमचंही खरं होतं.

कधी काय करायचं, हे एक डबा ठरवतो, गाडीचा छोटा कॉम्प्युटरच. बॅटरीत किती करंट उरलाय, इंजिन पुरेसं तापलंय का, ब्रेक नीट लागेल ना, चालवणाऱ्यानं सीटबेल्ट लावलाय का, हे सगळं त्याला वायरींमधून कळत राहतं. एक गोष्ट जरी मनासारखी नसली तरी तो इंजिन बंद होऊ देत नाही. लिथियमची बॅटरी शेजारच्या सीटखाली असते. त्या सीटवर अजून कुणी बसलेलं नाही.

असल्याच एका डब्याबद्दल तुम्ही मला विचारलं होतंत. मी सोलापूरला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते, दोन दिवसांसाठी घरी आले होते. नव्या गाड्या दुकानात यायच्या आणि तुम्ही त्या परत पाठवायचात. त्या दिवशी एका गाडीतून निघालेला सीलबंद डबा तुम्ही माझ्यापुढं ठेवलात. "ह्याच्यात काय असतंय गं? तू शिकतीस, तर सांग की."

मी पुस्तकातून मान वर काढली नाही. "तुम्हाला आता कळून काय करायचंय?"

"व्हय, ते बी खरंच हाय," म्हणत तुम्ही डबा उचललात. परत कधी विचारलं नाहीत. त्याच वर्षी तुम्ही गेलात.

आज मी पॉलिटेक्निकमध्ये हेच शिकवते. फळ्यावर तो डबा काढते, एकेक वायर कुठून येते ते दाखवते, आवाज चढू देत नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, त्यामुळं इथंच वहीत राहील. एवढंच सांगायचं उरलंय. त्या दिवशी त्या डब्यात काय असतं हे मलाही माहीत नव्हतं. तुमच्यापुढं तसं म्हणायची लाज वाटली.