चौथ्या दाबाचा नकार

दि. ६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे असं लिहायची पद्धत आहे, पण मी नाही. समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या मुलीनं मला नकार दिला. हो, तीच, वडिलांशेजारी बसून भिंगं घासते ती, जिच्यापायी मागच्या पत्रात मी तुझं डोकं उठवलं होतं.

वडील आत गेल्याची संधी साधून मी लग्नाचं विचारलं, पण उत्तर तोंडी नको म्हटलं. ‘नाही’ ऐकायची छाती नव्हती. आमच्या टॉर्चच्या दुकानातली छोटी हातबत्ती तिच्या हातात ठेवली आणि समजावलं: मागचं बटण टक् होईपर्यंत दाबायचं, उजेड स्थिर दिसला की होकार. नकार असेल तर पेटल्यावर बटण टक् न करता अर्धवट दाबत जायचं. बारीक, मध्यम, मोठा आणि चौथ्याला लुकलुक. दुकान बंद झालं की वरच्या खिडकीतून दाखवायचं.

काल तिची खिडकी उघडली आणि ताई, लुकलुक! पहिल्या क्षणापासून. मी दुकानावरच्या माझ्या खोलीची खिडकी अशी आपटली की काच तडकली. आज सकाळी तिनं बत्ती आमच्या काउंटरवर ठेवली, तुमची वस्तू एवढंच म्हणाली. मी मान वर केली नाही. मालकांना सांगून टाकलंय, हे काम आजपासून बंद. कुठे जाणार ते ठरलं की कळवीन.

तुझा उद्ध्वस्त,
धाकटा

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी हबकलेच. तुझ्या भाऊजींनी काय झालं विचारलं, तर म्हटलं, आपल्या वीरानं पुन्हा काहीतरी अर्ध्यावर सोडलंय. आधी कॉलेज, तेही सरांशी भांडून; आता नोकरी, आणि त्यात ही मुलगी.

अरे, लुकलुक चौथ्या दाबाला येते असं तूच लिहितोस. मग आधीचे तीन उजेड कुठे गेले? सुट्टीत आमची बत्ती दुरुस्त करून गेलास ना, ती पहिल्यांदा दाबली तर लुकलुकतच उठली. शेजारच्या वहिनी धावत आल्या, घरात काय झालं म्हणून. तू सगळे उजेड तपासतोस आणि शेवटच्यावरच बंद करून ठेवतोस. तिला दिलेलीही तपासली होतीस का?

पळून जाण्याआधी तेवढं बघ. आणि काच बदलून घे, वारा लागेल.

तुझी काळजी करणारी,
ताई

दि. १५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं खरं निघालं. ही बत्ती ज्या उजेडावर बंद होते, पुढच्या वेळी त्याच उजेडात उठते. सेल काढला तरी विसरत नाही. गिऱ्हाइकांना हे मी दिवसभर सांगतो गं! तिला देताना चारही उजेड तपासले, शेवटी लुकलुक, टक्, बंद. नकार माझ्याच अंगठ्याचा होता.

खणातून तिची बत्ती काढली. सेल मेलेला. ताजा घातला, बटण दाबलं. बारीक. स्थिर.

मग तसाच सपाता फटकारत रस्ता ओलांडला. वडील चिमट्यानं चष्म्याचा स्क्रू बसवत होते. मी सगळं भडाभडा सांगितलं. तिनं हातातलं भिंगही खाली ठेवलं नाही. म्हणाली, लुकलुकलं तेव्हा आपलंच चुकलं वाटलं, म्हणून एकदा अर्धवट दाबून पुन्हा बारीक, स्थिर केलं. मान वर करते तो तुमची खिडकी आपटलेली. तरी थकलेला सेल संपेपर्यंत बत्ती चौकटीवर ठेवली होती.

मी तिथेच, तोंडानं, पुन्हा विचारलं. वडिलांच्या हातून स्क्रू पडला तो अजून सापडलेला नाही. ती म्हणाली, तो होकार त्या संध्याकाळचा होता, सेलाबरोबर विझला. नवा हवा असेल तर आठवडाभर खिडकी न आपटता राहून दाखवा.

मालकांनी काम परत दिलं, वर शिव्या दिल्या. खिडकी सताड उघडी आहे. ताटात धूळ येते, डास फोडून खातात. आज समोरून माझ्याकडे बघून ती हसली. कशाला हसली ते विचारायला उठलो होतो, पुन्हा बसलो.

माया आहे तशी राहू दे, आणि मच्छरदाणी असेल तर लगेच पाठव.

तुझा,
धाकटा