मंगळवारचा बिल्ला

बसा, फादर. हे मी बुधवारी दुपारी लिहितोय, पण शुक्रवारी शाळेच्या जिममध्ये, सगळ्यांसमोर वाचायला लागलो की तुम्ही खुर्चीतून अर्धे उठणार, हे मला आत्ताच दिसतंय. सोमवारी तुमचं बोलून झालंय आणि माझं ऐकून. माईक माझ्याकडे राहू द्या. निरोपसमारंभ माझा आहे, आणि चार शब्द बोला असं तुम्हीच म्हणालात. मी माझं मृत्युपत्र वाचणार आहे. चारपेक्षा जरा जास्त होतील.

तर. मी, ऑरविल जोसेफ बॅटिस्ट, वय त्र्याहत्तर, जन्म लुइझियानाचा, राहणार लॉस एंजेलिस, सेंट मोझेस हायस्कूलमध्ये सत्तावीस वर्षं पोरांना कामावर नेणारा, आणणारा, हजेरी घेणारा आणि टाय बांधून देणारा, हे माझ्या हाताने, शुद्धीत, मागे कुणीही उभं नसताना लिहून ठेवतो. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय. डोक्याबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणजे ते चालू आहे असं समजा. आधीचं एक मृत्युपत्र होतं, सगळं बायकोच्या नावे. ओडील गेली. ते रद्द.

कलम १. बँकेत जे काही उरेल त्यातून ओडीलच्या नावाने दरवर्षी एक मिस्सा व्हावी. सकाळची. तिला संध्याकाळच्या मिस्सेत झोप यायची.

कलम २. मोठं गम्बोचं, म्हणजे आमच्या लुइझियानाच्या रश्शाचं, पातेलं मेहुणीला, अर्लीनला. ती गम्बोत टोमॅटो घालते हे मला माहीत आहे, आमच्या साऱ्या चर्चला माहीत आहे. तरीही तिलाच. आता माझ्यात भांडायची ताकद नाही. पण ओडीलच्या वाढदिवशी तरी टोमॅटो नको, अर्लीन.

कलम ३. भाचा वेंडेल याला माझी मोजपट्टी. नाताळात मी सोफ्यावर पडलो होतो तेव्हा तू माझ्या बैठकीच्या खिडक्या मोजल्यास. पडद्यांसाठी. मी झोपलो नव्हतो, बाळा.

कलम ४. व्हॅनमधल्या बुटांच्या खोक्यातले सगळे टाय शाळेला. जे पोरगं सकाळी टाय विसरून येईल त्याने एक घ्यावा आणि परत आणू नये. मागे एकाने विचारलं होतं, "मिस्टर बी, हा कुणाच्या मयताचा?" मी म्हटलं, "घाल तू, तुझ्या नोकरीच्या मयताला उपयोगी पडेल." हसला आणि घातला. आता तो डेंटिस्ट आहे आणि माझ्याकडून कमी पैसे घेत नाही.

कलम ५ खोडलंय. तिथे शेजारच्या कुत्र्याविषयी होतं. कुत्रा मागच्या आठवड्यात गेला.

कलम ६. घर.

आता इथे थांबावं लागेल. अर्लीन, वेंडेल, तुम्ही माझ्या कामाबद्दल सत्तावीस वर्षांत कधी विचारलं नाहीत, म्हणून तुमच्यासाठी आधी सांगतो. या शाळेत फी भरू शकेल असं एकही पोर नाही. म्हणून पोरं कामाला जातात. एका ऑफिसातली एक नोकरी चौघांत. एक सोमवारी जातो, एक मंगळवारी, एक बुधवारी, एक गुरुवारी, आणि शुक्रवार आळीपाळीने. उरलेले दिवस वर्ग. पगार पोराच्या हातात पडत नाही, फीत जातो. कामावरून काढलं तर शाळेतूनही गेला. नियम कडक आहे, पण त्याच नियमावर दरवर्षी इथली सगळी पोरं कॉलेजला जातात. मी त्या नियमाच्या विरोधात नाही. मी त्याचा नोकर होतो.

दोन हजार आठ साल. ऑक्टोबर. मंगळवार. सकाळी सहाला फोन. थॅडियस गिलरी, अकरावीतला, उंच, बोलायला कमी. शहरातल्या एका वकिलांच्या ऑफिसातला आमचा मंगळवारचा मुलगा.

"मिस्टर बी, आईला डायलिसिसला न्यायचंय. ताईची गाडी बंद पडलीय. आज माझं राहू द्या."

"राहू द्या कसं? या महिन्यात एक दिवस रिकामा गेलाय. दुसरा गेला तर ती लोकं जागाच काढून घेतील. चौघांची."

"मग आईला काय बसने पाठवू?"

"नको. तू जा तिच्यासोबत. मी बघतो."

मी बघतो. हे मी म्हणालो.

जिममध्ये रांग लागली होती. नववीतलं एक पोरगं मोकळं होतं, त्याच्या ऑफिसात रंगकाम चालू होतं म्हणून. थॅडियसचा बिल्ला माझ्याकडेच असायचा, सगळ्यांचेच असायचे. तो मी त्याच्या गळ्यात घातला.

"पण मिस्टर बी, याच्यावर थॅडियसचा फोटो आहे."

"फोटो कोण बघतंय?"

"मी त्याच्यासारखा दिसतो?"

"टाय नीट कर."

थॅडियस माझ्यासारखा काळा, सहा फूट. हा एल साल्वाडोरच्या घरातला, माझ्या खांद्याएवढा. दारावरच्या यंत्राला बिल्ला टेकवला, दिवा लागला, दार उघडलं. कुणी मान वर केली नाही. त्या ऑफिसात आमची चारही पोरं मिळून एकच होती.

तळघरात काम होतं. लाल चिठ्ठीची खोकी कागद फाडायच्या मशीनमध्ये, निळी चिठ्ठी जपून ठेवायची. थॅडियसला हे पाठ होतं. या पोराला कुणी सांगितलं नाही. तिथल्या बाई त्या दिवशी रजेवर, आणि मला स्वतःला माहीत नव्हतं, मी तर फक्त दारापर्यंत सोडणारा. त्याने लाल संपवली, मग निळी. इतकं मन लावून त्या तळघरात कुणी काम केलं नसेल. चार वाजता व्हॅनमध्ये चढला आणि म्हणाला, "मिस्टर बी, सगळं संपवलं! एक खोकं नाही ठेवलं." मी शाबास म्हणालो.

गुरुवारी बैठक. कंपनीच्या बाई, तेव्हाचे प्रिन्सिपल (ते वारले, त्यांना मध्ये आणत नाही), थॅडियस, त्याची आई आणि हजेरीची वही घेऊन मी. निळी खोकी गेली होती, आणि दारावरच्या यंत्राच्या नोंदीत थॅडियसचा बिल्ला होता.

थॅडियस म्हणाला, "मी नव्हतोच तिथे. मिस्टर बींना विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वही उघडली. मंगळवार. थॅडियस गिलरी. हजर. माझंच अक्षर.

"वहीत हजर आहे," मी म्हणालो.

त्याची आई, व्हर्ना गिलरी, म्हणाली, "तो माझ्यासोबत होता. दवाखान्यात." प्रिन्सिपल म्हणाले, "मिसेस गिलरी, आईचं मन आम्ही समजतो." ती म्हणाली, "मन नाही, मी कागद आणते दवाखान्यातून. उद्याच आणते."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. आता जे वाचतोय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, ओडीललाही नाही. फाटकाशी मी व्हर्नाला म्हणालो, "तो कागद आणू नका. दुसऱ्याच्या बिल्ल्यावर पोरगं पाठवलं हे कळलं तर ही नोकरी जाईल. मग बाकीच्या कंपन्या विचारतील, आमच्याकडे कोण येतं तुमचं. तुमचा एक आहे. बाकीचे तीन आहेत, आणि ते नववीतलं पोरगं."

आमचं चर्च एक. तिचं आणि ओडीलचं भजनात शेजारी उभं राहणं. ती म्हणाली, "तुम्ही हे माझ्याकडून मागताय, मिस्टर बॅटिस्ट?"

मी हो म्हणालो.

तिने कागद आणला नाही. थॅडियस शाळेतून गेला. त्या नोकरीतल्या बाकी तिघांचे फोटो कॉलेजच्या नावासकट या जिमच्या बाहेर लावलेले आहेत. दोन वर्षांनी व्हर्ना वारली. मी तिच्या मयताला गेलो आणि मागच्या बाकावर बसलो, आणि थॅडियसने वळून एकदा बघितलं, बस.

त्या नववीतल्या पोराचं नाव मी इथे लिहिणार नाही. चौदाचा होता. बिल्ला मी घातला, गप्प बस असंही मीच सांगितलं. त्याला शोधू नका.

तर घर. माझं राहतं घर, आवारातल्या लिंबाच्या झाडासकट, मी थॅडियस गिलरीला देतो. माझा बेत असा होता की मी मेलो की वकील हे सगळं वाचून दाखवतील आणि मी तिथे नसेन. सोपं होतं. एप्रिलमध्ये त्याला सांगायला गेलो. तो एसी दुरुस्त करतो. कुणाच्या तरी गच्चीवर शिडी लावून चढला होता, खाली उतरला नाही.

"घर?" वरूनच म्हणाला. "तुमच्या घराचं काय करू मी, मिस्टर बी?"

"राहा. विक. तुझं आहे. आणि त्यात मी सगळं खरं लिहिलंय."

"कधी वाचणार ते?"

"मी गेल्यावर."

तो हसला. चांगलं हसू नव्हतं. "म्हणजे तुम्ही सुटलात. माझ्या आईला जिवंतपणी गिळायला लावलंत, आणि तुम्ही मेल्यावर ओकणार होय? मग मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"मग काय करू, सांग."

"मोठ्याने बोला. त्याच शाळेत. उभे राहून, जिवंत असताना."

"येशील?"

"मी कशाला येऊ? मला माहीत आहे काय झालं ते."

आणि स्क्रू आवळायला लागला. मी शिडी धरली, पाच मिनिटं. सोडा म्हणाला नाही, धरा म्हणाला नाही.

म्हणून हे असं. त्याने घर घ्यावं अशी अट नाही. घ्यावं, विकावं, जाळावं. जाळायचं झालं तर आधी शेजारच्या मिसेस ओकाम्पोंना सांगावं, त्यांचं कुंपण लाकडी आहे. त्याने मला माफ करावं असं या कागदात कुठेही लिहिलेलं नाही, आणि नंतर कुणी तोंडी घुसडू नये.

कलम ७. शाळेला, टाय सोडून, काही देत नाही. मागतो मात्र. थॅडियसच्या फाइलवर "गैरवर्तनामुळे काढून टाकले" असं लिहिलंय. ते खोडा आणि खरं लिहा: हजेरी खोटी होती, हजेरी लिहिणारा ऑरविल बॅटिस्ट. नव्या व्हॅनच्या शेडला माझं नाव देणार होतात, पाटीही आलीय, मी झाकलेली बघितली. देऊ नका. थॅडियसचंही देऊ नका, त्याला कुणी विचारलेलं नाही. द्यायचंच तर व्हर्ना गिलरी. तिचे नातेवाईक आहेत, त्यांना विचारून.

फादर, सोमवारी तुम्ही म्हणालात, "ऑरविल, एकशे दहा पोरांच्या नोकऱ्या आहेत यात. पुढच्या रांगेत कंपन्यांची माणसं बसणार. तुमच्या मनाच्या शांतीसाठी तुम्ही यांचं भवितव्य उधळणार?" ते वाक्य ओळखीचं होतं. फाटकाशी मीच बोललो होतो ते. सोळा वर्षं रोज सकाळी टाय बांधताना मी तेच बोलतोय. दमलो, फादर. आणि शांती बिंती काही वाटत नाहीये, ते तुम्ही चुकीचं सांगितलंत.

कलम ८. पुढच्या रांगेतल्या साहेबांना आणि बाईंना. हे ऐकून तुम्हाला नोकरी काढून घ्यायची असेल तर तो तुमचा हक्क आहे. आता दर बिल्ल्याची हजेरी दोघं जण घेतात, मी एकटा नाही, हे तपासून घ्या. पण काढायच्या आधी एकच करा. तुमच्याकडे मंगळवारी जो येतो त्याचं नाव सांगा. इथेच, मागे बसलेल्या पोरांकडे न बघता. ज्यांना सांगता येईल त्यांच्याशी माझं भांडण नाही.

वरील सर्व मी लिहिलं, वाचलं आणि मला मान्य आहे.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल, लॉस एंजेलिस. तारीख: १५ मे २०२४.

सही: ऑरविल जोसेफ बॅटिस्ट

साक्षीदार पहिला: डेल्फिना ओकाम्पो, शेजारी. (म्हणाल्या, "कुंपणाचं खरंच लिहिलंत?" हो म्हटल्यावर सही केली.)

साक्षीदार दुसरा: एफ्राईन साल्दिवार, गणिताचे शिक्षक, सेंट मोझेस हायस्कूल. "त्या मंगळवारी थॅडियसऐवजी गेलेला मुलगा मी."

हे शेवटचं वाक्य मी लिहिलेलं नाही. सही करायला बोलावलं होतं, कारण मला दुसऱ्या कुणाला विचारवेना. त्याने उभ्यानेच पूर्ण कागद वाचला. मी म्हटलं, "तुझं नाव नाहीये त्यात." तो म्हणाला, "तेच तर," आणि माझ्या हातातून पेन घेतलं. मी अडवलं. तो म्हणाला, "मिस्टर बी, तेव्हाही तुम्हीच माझ्या वतीने ठरवलंत."

पोरांनो, साल्दिवार सर तिसऱ्या रांगेत बसलेत. वळून बघू नका. सोमवारी त्यांचा तास आहे, तेव्हा बघा.

प्रश्न घेणार नाही. टाळ्या वाजवू नका, टाळ्यांऐवजी बूटही आपटू नका. फादर, हा कागद तुमच्या हातात देतो, घ्या. बाजूचं दार मी येतानाच उघडं ठेवलंय. निघालो.