कडू तोंडाची तक्रार

कळंब, फाल्गुन महिना

ती. साळुअक्कास,

धाकट्या दादाभाऊचा दंडवत. तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि म्हशीचं दूध यांपैकी काय सुधारलं ते कळव. फोनवर तू माझा आवाज ऐकताच रडायला लागतेस, म्हणून लिहितो आहे. मी बरा आहे, असं बाकीचे म्हणतात.

दारातला कडुनिंब म्हणजे तुझ्या भावजयीचा, गोजरचा दवाखाना होता, हे तुला ठाऊकच आहे. दिवाळीनंतर ती गेली आणि दवाखाना माझ्या गळ्यात पडला. अंगाला खाज सुटली म्हणून तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, पाला उकळून आंघोळ कर आणि सकाळी रस पी. आंघोळ केली. पाला गाळून घ्यायचा असतो हे मोरी तुंबल्यावर कळलं. (उज्ज्वला सूनबाई गुणाची, पण त्या दिवशी तिनं माझं ताट जरा जोरात आपटलं.) मग गव्हाला कीड लागू नये म्हणून कणगीत पाला घातला. गोजर तो सावलीत वाळवून घालायची, मी ओलाच कोंबला. गव्हाला बुरशी आली, किडे मात्र मजेत आहेत. शेवटी कडुनिंबाच्या काडीनं दात घासायला बसलो आणि कवळी मोडली. शेजारचे धर्माजी म्हणाले, "दादाभाऊ, कवळीला कशाला काडी लागती राव? वहिनी असत्या तर लई हसल्या असत्या."

खाज गेली, पण तोंड कडू झालं आहे. चहा कडू, गूळ कडू, उज्ज्वलानं केलेली खीरसुद्धा कडू. हे सगळं तुझ्या रसामुळे झालं, असा माझा आरोप आहे. त्यावर उतारा असला तर सांग.

तुझा,
दादाभाऊ

ता. क. रस मी संक्रांतीलाच सोडला. तोंड अजून कडूच आहे, तेव्हा वरचा आरोप मागे घेतो.

आणखी एक. गोजरला पोचवून आलो तेव्हा रीतीप्रमाणे दारात सगळ्यांना कडुनिंबाचा पाला चावायला दिला होता. सगळ्यांनी थुंकून चूळ भरली. मला सुचलंच नाही अक्का, मी गिळला.

पाडव्याला आमच्याकडे यंदा गुढी नाही, तरी तू ये. पाला दारात आहे, गूळ तुझ्या हातचा पाहिजे.