लाल दोऱ्याची चाळीस रोपं

१४ ऑगस्ट
मिळाल्या एकदाच्या! आमच्या खाडीत गोल पानांच्या तिवराचं हे एकच झाड उरलंय. त्याच्या पन्नासेक बिया आता बादलीत आहेत. वर चढून तोडणार होते, पण तिथे मांडीभर चिखल आणि माझे गुडघे हे असे. झाडाखालच्या पाण्यावर तरंगत होत्या, त्याच काठावरून जाळीने वेचल्या.

घरी आल्यावर आबा म्हणाले, "फांदीवरून तोडायच्या गं पोरी. भरती काय, कुठूनही आणून टाकते." जन्मभर खाडीत खेकडे धरले. आता डोळ्यांनी दिसत नाही, पण माझ्या कामातली खोट बरोब्बर दिसते.

५ सप्टेंबर
चाळीस रुजल्या. मी सांभाळते त्या रोपवाटिकेत बाकी सगळा टोकदार पानांचा साधा तिवर. कोवळेपणी दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून या चाळिसांच्या देठांना सैलसा लाल दोरा बांधला. पानांच्या चौथ्या जोडीला काय ते कळतं. तोवर थांबायचं.

१९ ऑक्टोबर
वनखात्याचे साहेब स्वतः आले होते. नव्या पुलाचा खांब नेमका त्या झाडाच्या जागी येतो, म्हणून काम अडलंय. "बाई, तुमची रोपं आहेत ना? मग वंश राहिलाच की. तेवढं लिहून द्या."

एक जाईल, चाळीस राहतील. मलाही पटलं. शिवाय चारचौघांत कौतुक केलं त्यांनी, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. सही केली.

१ नोव्हेंबर
तोडलं.

आबा हट्टाने आले होते. तरुणपणी होडी त्यालाच बांधायचे. करवत सुरू झाली तसा त्यांनी माझा हात धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही. "इथे पाणमांजरं यायची," एवढंच म्हणाले. मी तर एकही पाहिलेलं नाही.

संध्याकाळी रोपांपाशी जाऊन बसले. खूप रडले. ही आहेत म्हणून निभावलं.

२३ नोव्हेंबर
चौथी जोडी येतेय. अजून मिटलेली.

२ डिसेंबर
काही उघडली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. सुरुवातीला अशीच दिसत असतील — असं म्हणून घरी आले. जेवण गेलं नाही.

६ डिसेंबर
आबांना रोपवाटिकेत नेलं. मी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी एका पानावरून अंगठा फिरवला, टोकाशी थांबले. मग दुसरं रोप. मग तिसरं. पुढचं मला माहीत होतं — चाळीसच्या चाळीस साधी.

मला वाटलं, आता म्हणतील, सांगितलं होतं ना. म्हणायला हवं होतं.

"दोरे सोड आता," म्हणाले. "वाढतायत ती. काचतील."