मुकं पाणी

१८ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचा. कामरगावहून जीपने फाट्यापर्यंत, तिथून ट्रंक डोक्यावर घेऊन उतार. जीपवाला म्हणत होता की गुरुजी, तिथं कोण राहतं, कायले चालले. मी म्हटलं, हवा खायला.

धरणाचं पाणी इथे दोन टेकड्यांच्या मधून आत शिरलं आहे आणि अर्धचंद्रासारखं वळून थांबलं आहे. शफीक त्याला खाडी म्हणतो. त्याने पाटीसुद्धा रंगवून ठेवली आहे, ‘विदर्भातलं कोकण’. मला हसू आलं होतं, पण आज पाहिलं आणि हसू गेलं. पलीकडच्या टेकडीवर साग, अलीकडे फुललेली तूर, मध्ये हे निळं पाणी. काठाला वाळूसारखी बारीक रेती. चक्रवाकांची जोडी निवांत पोहत होती. वाशीम जिल्ह्यात असं काही असेल असं इंझोरीच्या शाळेत इतकी वर्षं भूगोल शिकवूनही मला माहीत नव्हतं.

शफीक माझा विद्यार्थी. कारंज्यात त्याचं कापडाचं दुकान आहे. इथे त्याने दोन खोल्या बांधल्या आहेत, नाताळच्या सुट्टीत पाहुणे ठेवायचे म्हणतो. तोवर कुणीतरी राहून रंगरंगोटी करून घ्यावी, झाडं लावावीत. मला म्हणाला, सर, तुम्ही घरी बसून काय करता? खरंच होतं. ही गेल्यापासून घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. लेक धम्मदीपा पुण्याला इस्पितळात नर्स आहे, तिच्या पाळ्या तिलाच पुरतात.

संध्याकाळी काठावर उभा राहून शाळेतल्यासारखं ओरडलो, ‘सावधान!’ पलीकडच्या टेकडीने इतकं स्वच्छ परत दिलं की अंगावर शहारा आला. मग ‘विश्राम’. मग बेचा पाढा. लहान मुलासारखा किती वेळ ओरडत होतो. इथे बरं वाटेल मला.

२० नोव्हेंबर, बुधवार

दूध आणि भाकरी देणारी बाई मिळाली. वरच्या तांड्यावरची रामीबाई. नवरा लखीराम मासे धरतो. तो मुका आहे. ऐकू सगळं येतं, बोलता येत नाही. दोघं साठीच्या पुढची असतील.

रामीबाईने येताच बजावलं की पाण्याजवळ मोठ्याने बोलू नका. तांड्यावरचे लोक या पाण्याला ‘मुकं पाणी’ म्हणतात म्हणे. इतका सुंदर प्रतिध्वनी देणारं पाणी मुकं कसं, असं मी विचारलं. ती म्हणाली, पाणी मुकं नाही, माणसं मुकी राहतात इथे. परवा तुम्ही ओरडत होता तेव्हा वर आम्ही दारं लावून घेतली.

आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं हे माझ्या आजोबांनी छप्पन्न सालीच उंबऱ्याबाहेर काढलं. तिला तसं सांगून दुखवायला नको म्हणून मान हलवली.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पाहुण्यांची खोली पांढरी झाली. रंगारी दुपारी जेवणासाठीही थांबला नाही, काम उरकून निघून गेला. आता पुढच्या आठवड्यापर्यंत कुणी नाही.

फोनला खोलीत रेंज नाही. काठावरचा मोठा काळा खडक आहे, त्यावर चढून पाण्याकडे तोंड केलं की एखादी काडी दिसते. दीपाला लावला. ड्यूटीवर होती, रविवारी बोलू म्हणाली.

दुपार फार लांब असते इथे. जेवण झालं की काठावर वर्तमानपत्र घेऊन बसतो आणि मोठ्याने वाचतो. शेवटचा शब्द पाणी परत देतं. बोलायला कुणी असल्यासारखं वाटतं. आज वाचून झाल्यावर उगाचच विचारलं, ‘जेवलास का?’ पलीकडून आलं, ‘जेवलास का?’ घरातल्या माणसाने विचारावं तसं. ही गेल्यापासून मला कुणी हे विचारलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

घसा बसला. रंगाचा वास किंवा थंडी. गरम पाण्याच्या गुळण्या केल्या.

एक गंमत. मी अर्ध्या आवाजात बोलतो, पण टेकडीवरून पूर्ण आवाज येतो. हवेमुळे असेल. थंड हवेत आवाज लांब जातो हे मीच सातवीला शिकवलं आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

कामरगावला जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले सूज नाही, लाली नाही, काहीच नाही. तरी बोलू नका, आराम द्या. गोळ्या दिल्या.

उतारावरून खाली येत होतो. भर दुपार, ऊन चकचकीत. पाण्याकडून ‘सावधान’ ऐकू आलं. माझा आवाज. आता कुजबुजतो तो नाही, दहा दिवसांपूर्वी ट्रंक घेऊन आलो होतो तेव्हाचा.

मी तेव्हा तोंड उघडलं नव्हतं. जागीच उभा राहिलो. मग बेचा पाढा सुरू झाला. संथ, नीट, वर्गात म्हणावा तसा.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी कुणीतरी गात होतं. बंजारा बोलीतलं गाणं, तरण्या माणसाचा आवाज, भरदार, गोड. ऐकत ऐकत काठाने गेलो. बाभळीखाली रामीबाई बसली होती आणि तिच्या शेजारी लखीराम. लखीरामचं तोंड मिटलेलं होतं. गाणं पाण्यातून येत होतं.

मला पाहून तिने बसायची खूण केली. गाणं संपल्यावर अगदी हळू, पदर तोंडाशी धरून म्हणाली, “गाऊन राह्यला ना, तो माहा माणूस आहे. लगनात गायला होता तसाच गाते अजून. हा बाजूले बसला ते नुसतं त्याचं आंग.”

मी कागदावर लिहून विचारणार होतो, पण तिला वाचता येत नाही. मग कसंबसं घोगऱ्या आवाजात विचारलं की हे मला आधीच का सांगितलं नाही. सांगितलं होतं, म्हणाली. तुम्ही मान हलवली होती.

उठताना ती थांबली. लखीराम पुढे निघून गेला होता.

“आमचा भाऊसिंग बापाच्याच आवाजाले गेला, गुरुजी. लगीन ठरलं होतं त्याचं. पाण्यातून बापानं हाक मारली, ये म्हणे, जाळं अडकलं. पोरगं चाललं गेलं आत. अन् बाप खरा इथं काठावर मागंच उभा होता. पाहून राह्यला होता. पन वरडनार कायच्यानं?”

रामीबाई तरीही इथे येऊन बसते. मी तिला कारण विचारलं नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

ट्रंक भरली. सोमवारी शफीकची गाडी सामान घेऊन येणार आहे, तीतून परत जायचं. उद्या रविवार, दीपाचा फोन. तेवढा घेतो. तिला सांगायला हवं की घरी चाललो.

आज घशातून काहीच निघालं नाही. खोकल्याचाही आवाज होत नाही. ताट हातातून पडलं आणि तोंडून ‘अरे’ सुद्धा आलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहून ठेवतो.

अकराच्या सुमारास खडकावर चढून फोन लावला. वाटलं होतं कुजबुज तरी जाईल. दीपाने उचलला, बाबा, बाबा म्हणत राहिली. मी ओठ हलवत होतो, नुसती हवा. फोन ठेवून संदेश लिहावा म्हणून कानापासून काढणार, तोच समोरच्या पाण्यातून आवाज आला. माझा. जवळून, जणू खडकाच्या पायथ्याशी उभं राहून कुणी बोलत होतं.

“दीपा, कधी येतं वो? लय दिवस झाले तुले पाहून. करमत नाही मले. ये ना.”

असं मी तिला कधीच म्हटलेलं नाही. मनात रोज म्हणायचो. कामावर आहे पोरगी, तिला कशाला गळ घालायची, म्हणून तोंडाबाहेर काढलं नाही.

फोनमध्ये ती रडायला लागली. रडतच म्हणाली, “बाबा, तुम्ही एकदा तरी असं म्हणावं म्हणून मी किती वाट पाहिली.” शनिवारी सुट्टी टाकते, येते म्हणाली. मी फोन बंद करायचं बटण दाबत होतो, बोट घामाने घसरत होतं. पाण्यातला आवाज ‘ये, ये, ये’ म्हणत राहिला.

लगेच संदेश टाकला. येऊ नकोस. माझा आवाज गेला आहे, फोनवर बोललो तो मी नव्हतो. तासाभराने उत्तर आलं. बाबा, एकदा मनातलं बोललात आणि आता लाजताय. मी येणार.

२ डिसेंबर, सोमवार

शफीकची गाडी आली नाही. सामान आलं नाही, सवडीने येतो असा निरोप.

दीपाला पुन्हा लिहिलं. इंझोरीला ये, मी घरीच येतो. ती म्हणते, नाही, तुम्ही इतके खुश वाटलात तिथे. ती जागा मला बघायची आहे.

घरी गेलो तरी ती इथे येईल. मी इथे नसलो तर तिला इथे ‘मी’ भेटेल. म्हणून थांबलो.

४ डिसेंबर

दिवसभर बोलतं. माझे धडे, माझे पाढे. हिचं नाव. हिचं नाव मी इथे घेतलंच नव्हतं. मग त्याला कुठून—

कापूस कोंबला कानात. उपयोग नाही.

६ डिसेंबर

आज इंझोरीला विहारात सगळे जमले असतील. दरवर्षी वंदना मी म्हणतो, माझ्यामागून सगळे. खोलीतच बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, हात जोडले. ओठ हलवले. पाण्याकडून वंदना सुरू झाली. माझ्या आवाजात, एकही शब्द न चुकता.

पहिल्यांदा राग आला. धावत काठावर गेलो, दगड फेकले. ते थांबलं. मग हसलं. मी असा हसत नाही.

दीपाचा संदेश. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघते. कामरगावहून जीप, फाट्यावर उतरेन. ठरलं. मी फाट्यावर उभा राहीन. त्याच जीपमध्ये तिला परत घालीन, स्वतःही बसेन. खाली उतरूच द्यायची नाही.

७ डिसेंबर, शनिवार

सकाळपासून फाट्यावर. लखीराम सोबत आला आहे. खुणेने विचारलं, कोण? मी हात कमरेजवळ नेऊन दाखवलं, मुलगी. तो खाली बसला आणि उठलाच नाही.

इथून सगळं पाणी दिसतं. फार सुंदर दिसतं. वही मांडीवर आहे. लिहीत राहिलो की हात स्थिर राहतो.

एक जीप आली. तिच्यात दीपा नाही. दुसरी आली. नाही.

फोन पाहिला, इथे रेंज येते जाते. शफीकचा संदेश आत्ता आला. सर, दीपाला कारंज्यालाच उतरवून घेतलं, माझ्याच गाडीने आणतो. धरणाच्या भिंतीवरून, खालच्या रस्त्याने. तुम्हाला चकित करायचं आहे.

खालच्या रस्त्याने. तो पलीकडे थेट काठावर संपतो, तिथून खोल्यांपर्यंत पाण्याकडेने पायवाट. थांबव असं लिहिलं, संदेश जात नाही—

गाडी दिसली. पांढरी. पलीकडच्या काठाला. मी इकडे, वर. मध्ये सगळं पाणी.

ताट आणलं होतं, दगडाने वाजवलं. पाण्याने तो आवाज चारी बाजूंनी परत दिला. ती खाली उतरली आहे. सगळीकडे बघते आहे. इकडे सोडून सगळीकडे.

लखीराम धावला. उतारावरून. पोचणार नाही. म्हातारा आहे—

शफीक डिकीतून सामान काढतो आहे. त्याची पाठ आहे.

ऐकू येतंय. इथपर्यंत. दीपा, इकडे, म्हणतंय. उथळ आहे, गुडघाभर आहे, ये.

गमछा हलवतोय. वर बघ. पोरी, वर—

ती हसली. हात केला पाण्याला. तिने चपला काढून हातात घेतल्या आणि