पाठ कुणीकडं असते

अप्पा,

तुम्ही असता तर गाडीवर पाठीला टेकायचं हे कुशन मला विकत घ्यावंच लागलं नसतं. दुपारभरात फोम कापून, रेक्झिन ताणून तुम्हीच शिवून दिलं असतं, वर चार शिव्या फुकट. पण तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि तुमच्या कुशनच्या दुकानात आता मोबाईलच्या काचा बदलून मिळतात. तिथून जाताना मला अजून चिकटवायच्या सोल्युशनचा वास येतो. नसतोच तो, पण येतो.

तर झालं असं, की आईला मंगळवेढ्याला मावशीकडं जायचं होतं. मावशी पडून आहे, उठवत नाही. दोघी बहिणी दोन वर्षं नुसत्या फोनवर. "आता डोळ्यांनी बघायची ऱ्हायलीस तेवढी," असं मावशी म्हणाली, हे आईनं मला दोनदा सांगितलं. आई एखादी गोष्ट दोनदा सांगते म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. एसटीची पायरी तिला चढवत नाही, कंबर धरते. मी आपला गोकर्णला चार महिने कुणाच्या तरी हॉटेलात कांदे चिरून नुकताच परतलेला, पाय पुन्हा शिवशिवत होते. म्हटलं, मी नेतो की अप्पांच्या गाडीवर. तर म्हणाली, "पाठीला टेकायला कायतरी असलं तर बघू. न्हायतर मी हाय आन माझा पलंग हाय."

म्हणून गेलो गाड्यांच्या सामानाच्या दुकानात. भिंतीवर बॅकरेस्ट टांगलेले, जाड, बारीक, एक तर लाल मखमलीचा, नवरदेवाच्या घोड्याला शोभेल असा. काही गाडीला कायमचे जखडायचे, काही सामानाच्या कॅरियरसकट, आणि काही काढघालीचे, मागं दोन मुठी फिरवल्या की सुटून हातात. दुकानदार चाचा म्हणाले, "किसके वास्ते लेरे?" म्हटलं, आईसाठी. तिथं स्टँडवर लावलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर दोन्हीकडं पाय टाकून बसलो आणि टेकलो. वर पंखा संथ फिरत होता. डोळे मिटले तर गाडी आपली आपण चाललेली, दोन्ही बाजूंना शाळू, कणसांवर पाखरं, पुढं कोण चालवतंय ते दिसत नाही, आणि मला कुठं जायचंय हे कुणी विचारतही नाही. "ओ भाई, सो गये क्या?" चाचा म्हणाले. "जिनकू बैठनेका है उनकू लेके आव ना." म्हटलं, आई कुठं येतीय हितं. काढघालीचा घेतला. एका जागी कायमचं बसणाऱ्या वस्तूवर माझा विश्वास कमीच.

इथं मी चुकलो, आणि तुमचा पोरगा असून चुकलो. अजून दिसतं मला, तुम्ही गिऱ्हाईकाची जुनी सीट मांडीवर आडवी घेता, फाडायच्या आधी तळवा फिरवता, डोळे मिटल्यासारखे, आणि सांगता: ह्यो एकटाच फिरतो. ह्याची बायको एका अंगाला बसती, डावी कड दबलीय बघ. ह्याचं पोरगं टाकीवर बसतंय, शिवण पुढं उसवलीय. मी कात्री घेऊन घाई करतो तेव्हा मनगटावर फटका देता. "आधी वाच की रं. शाळंतलं येत न्हाय तर हे तरी वाच!" मी बाहेर ढग बघत असतो. तुमच्या फोमच्या कापांसारखे ढग.

सकाळी आई शेंगाचटणीचा डबा घेऊन आली आणि बसली. तिची पद्धत तीच, दोन्ही पाय डाव्या अंगाला सोडून. मी किक मारणार तेवढ्यात म्हणाली, "थांब. हे माझ्या कोपराला टेकतंय. माझी पाठ कुणीकडं असती ते तरी ठाऊक हाय का तुला?"

"मग दोन्हीकडं पाय टाकून बस की."

"साडी नेसून? ह्या वयात? कुशनवाल्याचं पोरगं म्हणं!"

ती उतरली. वाटलं, आता ती घरात जाणार, पलंगावर बसणार आणि मावशीचं नावही काढणार नाही. मी उगीच सीटवर तळवा फिरवला. डावी कड हाताला लागली. तिथं तुम्ही आतून जास्तीचा फोम घातलाय, तरी तेवढीच जागा दबलेली. ती एवढी वर्षं मला कधी दिसली नव्हती. मी दोन मुठी फिरवल्या, बॅकरेस्ट काढला, जिन्याखाली ठेवला. "आता कशाला टेकणार?" मी विचारलं. आई पुन्हा चढून बसली, उजवा खांदा माझ्या पाठीला लावला. म्हणाली, "तू हायस की. फकस्त हलू नगं."

हललो नाही. भीमेच्या पुलावर वारा आला, आईचा पदर फडफडून माझ्या कानावर आला, आणि काही वेळ कोण कुणाला नेतंय तेच कळेना. थोड्या वेळानं पाठीवरचं वजन वाढलं. तिला डुलकी लागली असावी. मी गाडी अजून सावकाश घेतली.

आता आतल्या खोलीत दोघी बहिणी बोलतायत, एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू. मी अंगणात गाडीवर बसून लिहितोय. हा कागद सीटखाली ठेवीन, गाडीची कागदं असतात तिथं.

एक राहिलं. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी तुम्हाला याच गाडीवर दवाखान्यात नेत होतो. तुम्ही कपाळ माझ्या पाठीला टेकवलं होतं. चौकात माझे मित्र उभे होते. मी खांदे झटकले आणि म्हणालो, "सरळ बसा की अप्पा, मला गाडी वळवता येईना." तुम्ही सरळ झालात, मागचा दांडा धरलात, दवाखाना येईपर्यंत तसेच बसलात.

गाडी वळत होती, अप्पा.