एकावन्न प्रमाणपत्रं

द्वारका, ६ जानेवारी २०२५

ती. स्व. श्यामकांतकाकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र. कारागृहात तुम्ही शिकवता त्या सुतारकामाच्या वर्गाचं मूल्यमापन नेमकं आमच्याच संस्थेकडे आलं. आपलं नातं मी आमच्या प्रमुख क्षिप्राताईंना सांगितलं आहे. तुम्हाला विचारायला त्यांनीच सांगितलं. वय, गुन्हा, शिक्षा सारखी असलेले कैदी घेतले, आणि वर्ग केलेले व न केलेले यांतले किती सुटल्यावर पुन्हा आत आले ते पाहिलं. फरक जवळपास नाही. असाच अहवाल गेला तर वर्ग बंद होईल, आणि हे लिहिताना मला रडू येतंय.

एकच गोष्ट खटकते. सहा वर्षांत एकशेचाळीस जण आले आणि सगळ्यांनी वर्ग पूर्ण केला? तुमच्याकडे पोहायला शिकताना मी तर चौथ्या दिवशी पळाले होते. यादी पुन्हा पाहाल का?

काकूंना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
देवयानी

गाझियाबाद, १३ जानेवारी

चि. देवयानीस,
अ. उ. आ.

पकडलंस. एकावन्न जण अर्ध्यावर गेले होते. काहींची दुसऱ्या कारागृहात बदली झाली, काही कंटाळले. मी सगळ्यांना 'पूर्ण' लिहून प्रमाणपत्र दिलं. सुटलेला माणूस काम मागायला जातो तेव्हा दाखवायला एवढं तरी असावं, असं वाटलं. चौतीस वर्षं मंत्रालयात एक खोटी ओळ लिहिली नाही, आणि निवृत्तीनंतर हा उद्योग.

खरी हजेरी माझ्या वहीत आहे, ती सोबत पाठवतो. वापरलीस की अधीक्षक मला काढतील. तरी वापर, वर्ग राहू दे. त्या माणसांची प्रमाणपत्रं मात्र परत मागवू नका, एवढं बघ.

तुझी काकू दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही, म्हणून तिचेही आशीर्वाद मीच लिहितो.

श्यामकांतकाका

द्वारका, २१ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

वहीमुळे वर्ग वाचला. अर्ध्यावर गेलेलेही 'पूर्ण'मध्ये मोजल्यामुळे फरक झाकला गेला होता. बदली झालेल्यांनी वर्ग स्वतःहून सोडला नव्हता, म्हणून शेवटपर्यंत बसलेल्यांशी त्यांचीच तुलना सर्वांत प्रामाणिक. बदली झालेल्यांतले शंभरात साधारण बत्तीस पुन्हा आत आले, वर्ग खरोखर पूर्ण केलेल्यांतले अठरा. माणसं थोडी आहेत, तरी अधीक्षकांना पटलं. तुम्हाला मात्र येऊ नका म्हणाले, ते कळलंच असेल. हे माझ्या हातून झालं याचं फार वाईट वाटतं. प्रमाणपत्रं कुणी परत मागणार नाही.

त्या कागदाची एकावन्न जणांना काही मदत झाली का, हे शोधायला मी चार दिवस बसले. आमच्या आकडेवारीच्या मॉडेलला ते सांगता येत नाही. तुलनेला अर्ध्यावर गेलेला आणि प्रमाणपत्र न मिळालेला एखादा तरी माणूस लागतो, आणि काका, तसा एकही तुम्ही मागे ठेवलेला नाही.

आशीर्वादाचा हात असाच असावा.

देवयानी